पुसलेल्या सुया

औषधांच्या कारखान्यात तिला सगळे सुईबाई म्हणत. त्यात कौतुक कमी आणि टवाळीच जास्त होती. तापाच्या पातळ औषधात पूड विरघळत नाही, नुसती तरंगत राहते. त्याचा थेंब काचेवर घ्यायचा, सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा, कण केवढे, गोल की लांबट, ते वहीत पेन्सिलीने काढायचं आणि खाली सही ठोकायची, हे तिचं सव्वीस वर्षांचं काम. कण सुईसारखे वाढले की एकमेकांत अडकतात, गाळ तळाशी घट्ट बसतो. मग बाटली कितीही हलवा, वरच्या चमच्यांत औषध येत नाही. "माझी सही असेल ती बाटली डोळे मिटून घ्या," असं ती घरीदारी सांगायची. तेवढीच काय ती तिची मिजास.

पुढे कण मोजणारं लेसरचं मशीन आलं. दोन मिनिटांत आकडा हातात! साहेब जाम खूश.

एक दिवस तिला काचेवर सुयाच सुया दिसल्या. मशीन म्हणालं, सगळं बारीक. म्हणणारच. गुठळ्या फोडायला ते नमुना आधी जोरात थरथरवतं, त्यात सुयांचेही तुकडे होतात.

"साहेब, हे आधी मोडतं आणि मग मोजतं."

"बाई, चाळीशी तुम्हाला लागलीय, मशीनला नाही. माल गाडीत चढलाय. सही करा."

"नाही केली तर?"

"तर सूक्ष्मदर्शक हवाच कशाला, असं वर कळवावं लागेल."

तिने काढलेल्या सुया खोडरबराने पुसल्या. त्या जागी छान गोल ठिपके काढले आणि सही केली. एकदाच तर, अशी स्वतःची समजूत घातली. खुर्ची वाचली, पण त्या दिवसापासून तिला स्वतःची किळस यायची.

दोन महिन्यांनी ती मुलाकडे गेली, तर नात तीन दिवस तापाने फणफणलेली. उशाशी बाटली. तिने आधी बॅचचा नंबर बघितला. तोच माल. बाटली उलटी धरली, गदागदा हलवली. तळाचा गाळ जागचा हलला नाही. लेकराच्या पोटात तीन दिवस नुसतं गोड पाणी गेलं होतं.

"डॉक्टरांना का नाही दाखवलंस?" ती सुनेवर ओरडलीच.

सून गोंधळली. "आई, तुमच्याच कंपनीचं औषध ना? तुमची सही असणार, म्हणून थांबले मी."