काचेवरचं काजळ

अलार्म एवढ्या जोरात वाजला की पोटाशी बांधलेली लेक दचकून रडायलाच लागली, आणि मी बघते तर काय, चित्रातल्या पोरीच्या कानाखाली, गालावर काळा ठिपका! माझ्याच बोटाचा!

म्हणजे चित्रावर नाही, वरच्या काचेवर. पण तेव्हा मला कुठलं कळतंय? मला वाटलं, चित्रच बिघडवलं मी.

कॅनडात, ओटावाला येऊन आम्हाला वर्षही झालं नव्हतं. रविवारी बाहेर मायनस वीस, म्हणून आमचे हे म्हणाले, चल, म्युझियम तरी बघू, आत हीटिंग असतं. तिथल्या वॉशरूममध्ये लेकीचं डायपर बदललं, काजळाची तीट लावली आणि बोट न पुसताच बाहेर आले. तर समोर ही. पाचशे वर्षांपूर्वीची, इटलीतल्या कुणा चित्रकारानं काढलेली. काय सांगू! लांब मान, वेण्यांत मोती गुंफलेले, आणि नजर अशी बाजूला, जणू कुणी हाक मारलीय आणि हिला जायचंच नाहीये. त्या माणसानं एकेक केस वेगळा रंगवला होता हो! मी नववी शिकलेली, मला चित्रातलं काय कळतं? पण पाय हलेनात.

ह्यांनी बाजूची पाटी वाचली. "अख्खं शहर हिच्या रूपावर वेडं होतं म्हणे. ऐन तारुण्यात गेली."

"दृष्टच लागली असणार," मी म्हणाले, आणि हात आपोआप पुढे गेले, तिच्या तोंडावरून उतरवून कानशिलावर कडाकडा बोटं मोडायला. बोट टेकलं, अलार्म वाजला, आणि मोडायची राहिलीच.

"अगं, पाचशे वर्षांनी हिला कुणाची दृष्ट लागणार? आपलं पीआर मात्र अडकेल!" हे दातओठ खात कुजबुजले. कायम राहायच्या परवानगीचा अर्ज नुकताच टाकलेला. पोलिसांत नाव गेलं की परत पाठवतील, एवढंच माझ्या डोक्यात.

गार्डबाई धावत आली. "डिड यू टच इट?"

"नो म्हण," हे म्हणाले. ठिपका केसांच्या सावलीत होता, तिला दिसलाच नव्हता.

मी चित्रातल्या पोरीकडे बघितलं. एवढं देखणं तोंड, आणि त्यावर माझा डाग ठेवून निघायचं? "येस," म्हणाले, आणि काजळाचं बोट पुढे केलं. बाकीचं इंग्रजी येतंय कुठे मला?

ठिपका काचेवरच आहे हे तिनं खुणेनं दाखवलं, पण आमचं नाव, पत्ता लिहून घेतला. अर्जाचं अजून काही कळलेलं नाही. ह्यांच्या फोनवर ईमेल वाजला की मी हातातलं काम टाकून धावते. हे अजून ऐकवतात, "एक नो म्हणायला काय झालं होतं तुला?"

तुम्हीच सांगा, तुम्ही काय केलं असतं?