लवू तांडेलाची काळी बाय

मांडवीवरून बंदराच्या अंगाला चालत गेलं की एका जुन्या मिठाच्या गोदामात वाहतूक संग्रहालय लागतं. संग्रहालय म्हणजे काय, तर चाकावर चालणारं किंवा पाण्यावर तरंगणारं जे जे या मुलखात म्हातारं झालं, ते तिथे आणून बसवलंय. एक छकडा आहे, एक लाल यष्टी आहे, डोलकाठी उतरवलेला एक मचवा आहे. त्या मचव्याबरोबर लवू तांडेल आला, तो आलाच. मचवा त्याचाच होता, समुद्रावर तो हाकणारा तांडेलही तोच. पोरगे मुंबईला लागले, समुद्रावर जाणारं घरात कुणी उरलं नाही, तेव्हा मचवा संग्रहालयाला दिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हा माणूस त्याच्या शेजारी येऊन बसला. काय हवंय म्हणून विचारलं तर म्हणाला, "काय नको. ह्याला माज्याबिगर करमायचं नाय."

"मचवा घेतला, त्यावर तांडेल फुकट मिळाला," असं नम्रता सांगते. नम्रता म्हणजे संग्रहालय सांभाळणारी मुलगी, खेडची. तिनेच पुढे त्याला रीतसर राखणदार म्हणून लावून घेतलं.

लवू अंगाने सुक्या बोंबलासारखा, बोलायला मात्र ताजा. डोक्याला कायम एक विटका रुमाल. लोखंडाचं त्याला वावडं होतं. लोखंड पाण्यात टाकलं की बुडतं, बुडणाऱ्या वस्तूवर भरवसा कसला, असं त्याचं म्हणणं. म्हणून आवारात क्रेनने ते इंजिन उतरवलं तेव्हा तो बघायलासुद्धा उठला नाही.

इंजिन तसं लहानसं. फार वर्षांपूर्वी धक्का बांधताना दगड वाहायला बोटीतून आणलेलं, वाफेवर रुळांवरून चालणारं. धक्का झाला, बांधणारे गेले, इंजिन करवंदीच्या जाळीत पडून राहिलं. सापडलं तेव्हा धुराड्यातून पिंपळ वर आला होता आणि आतल्या भट्टीत मुंगसाचं बिऱ्हाड होतं. नम्रताच्या मनात आलं, हे पुन्हा चालतं करायचं. खेडला बॉयलरची कामं करणारा विनोद नावाचा कारागीर होता, त्याला तिने गाठलं. तो आला, इंजिनाभोवती फिरला, एक हातोडी मारून बघितली आणि म्हणाला, "जीव आहे. पण वेळ लागेल."

लवूची आणि इंजिनाची गाठ पडली ती तेलापायी. पावसाळ्याच्या तोंडावर आमच्याकडे होड्या वर ओढतात आणि लाकडाला तारलीचं तेल चोपडतात. तारली ही तेलकट मासळी उकळून काढलेलं हे तेल लाकडात मुरलं की पाणी आत शिरत नाही, कीड लागत नाही. लवूने मचव्याला तेल लावलं, डब्यात थोडं उरलं. उरलेलं फुकट कशाला घालवा म्हणून त्याने ते शेजारच्या इंजिनाला फासलं आणि वरून माडाचे झाप घातले. दसऱ्याला झाप काढले तर इंजिनावर गंजाचा एक नवा डाग नव्हता. लवू बराच वेळ बघत उभा राहिला. मग त्याने इंजिनाच्या पोटावर म्हशीला थोपटावं तसं थोपटलं.

"बुडणारी आसंल," तो म्हणाला, "पन गुनाची हाय."

तिथून ती त्याची काळी बाय झाली. विनोद महिन्यातून काही दिवस खेडवरून यायचा, नळ्या बदलायचा, पत्रे बसवायचा. मधल्या दिवसांत लवू गंज खरवडायचा, पितळेला चिंच लावून घासायचा, आणि दर पावसाळ्याआधी एक हात तेलाचा. असे तीन-चार पावसाळे गेले. तेलावर तेल चढत गेलं.

आता कुणी म्हणेल, त्याचा वास आला नाही का कुणाला? तर गोदामाच्या एका अंगाला जेटी, दुसऱ्या अंगाला मासळी सुकवायचे ओटे. इथे ज्याला वास येतो तो पाहुणा. विनोद पहिल्या दिवशी नाक मुरडायचा, दुसऱ्या दिवशी तिथेच डबा सोडून जेवायला बसायचा.

लवूची बायको गुणवंती. टोपली डोक्यावर घेऊन मासळी विकते, आणि जिभेला धार अशी की सुरमई कापायला कोयता लागू नये. ती जाता-येता कुंपणाबाहेर थांबायची.

"घरचं दार कुरकुरतंय, त्याला थेंबभर त्याल नाय. आनि ह्या म्हशीला रोज मालिश."

"दार काय बोलत नाय. ही बोलनार हाय."

"बोलली म्हंजे बरं. तुमी तरी गप ऱ्हाल."

ह्या वर्षी चैत्रात विनोदने सांगितलं, बाय तयार आहे. सरकारी तपासनीस येऊन गार पाण्याच्या दाबावर बॉयलर तपासून गेला, कागद दिला; भट्टी तेवढी पेटवायची राहिली. संग्रहालयात दर मे महिन्यात मेळा असतो. चाकरमानी गावाला आलेले असतात, त्यांची पोरं सुट्टीत उकिरडे फुंकत फिरण्यापेक्षा इथे येतात. लाल यष्टीतून चक्कर, छकड्यात बसून फोटो, आणि लवूकडून दोराच्या गाठी शिकायच्या. ह्या वेळी मेळ्याच्या शेवटच्या रविवारी आवारात रूळ टाकून इंजिन चालवायचं ठरलं.

आणि तो रविवार चार दिवसांवर आला असताना नम्रताने लवूला आणि विनोदला बोलावून खाली बसवलं. तिचा चेहरा बघून लवूला वाटलं, कुणीतरी गेलं.

"पुण्याच्या एका मोठ्या संग्रहालयाने आपलं इंजिन मागितलंय," ती म्हणाली. "त्यांच्याकडे बंद दालन आहे, एसी आहे. इंजिन अजून बंदर खात्याच्या मालकीचं आहे, त्यांनी होकार दिल्यासारखाच आहे. रविवारी तिथले साहेब बघायला येतायत. चालतंय असं दिसलं की घेऊन जाणार."

"आनि नाय चाललं तर?" लवूने विचारलं.

"तर नको म्हणतील. त्यांना चालतं हवंय."

मग विनोद हळूच म्हणाला, "मोठं काही नाही करायचं, काका. एक झडप अर्धी उघडी ठेवली की वाफ धरणार नाही. बिघाड काय, कधीही होतो."

लवूने रुमाल सोडला, पुन्हा बांधला.

"विनोद, तुला मुलगी हाय ना?"

"आहे की. सानवी."

"उद्या तिला बगायला पावने येनार. तुला ती धाडायची नाय. मंग काय तिचा पाय मोडून ठेवशील?"

विनोदने नकारार्थी मान हलवली.

"चालंल ती. चांगली चालंल. मंग ज्याच्या नशिबात आसंल तो नेईल."

हे बोलला खरा, पण त्या रात्री जेवला नाही. गुणवंतीने बांगड्याचं तिखलं केलं होतं. तिने एकदा ताटाकडे बघितलं, एकदा त्याच्याकडे.

"लेकीला धाडायचं म्हंजे आसंच ऱ्हातं," ती म्हणाली. "आमच्या बापाला इचारायचं व्हतं."

"तुज्या बापानं त्या दिवशी दोन येळा जेवन केलान. मी बगितलाय."

"तेच्या घरातलं तोंड कमी झालं ना," असं म्हणून तिने ताट झाकून ठेवलं.

शनिवारी लवूने बायला सजवायला घेतलं. पितळ असं घासलं की त्यात तोंड दिसावं. धुराड्याला आंब्याच्या टाळांचं तोरण. आणि पाहुण्यांसमोर अंग चमकायला हवं म्हणून तारलीच्या तेलाचा नवा डबा आणून एक जाड हात पोटावर, पाठीवर, चाकांच्या आऱ्यांवर. दुरून बघितलं तर बाय नुकतीच न्हाऊन आल्यासारखी तुकतुकत होती.

रविवारी आवार माणसांनी भरलं. पुण्याचे साहेब आले, पांढरा शर्ट, गॉगल, बोलायला सभ्य. लवूने त्यांना नमस्कार केला आणि नम्रताला म्हणाला, "म्याडम, नारळ दिल्याबिगर होडी पान्यात जात नाय. ही बी नाय जायची." नारळ आणलेला होताच. त्याने इंजिनासमोर उभं राहून गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा, जाग्याच्या राखनदारा..."

"व्हय म्हाराजा," मागून वाडीतल्या माणसांनी साथ दिली.

"ही काळी बाय आज पाय उचलतेय, तिला सांबाळ रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"आनि तिच्यावर कोनाची नजर आसंल, तर ती नजर फिरव रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे जरा जोरातच म्हणाले. साहेबांनीही हात जोडले होते. त्यांना वाटलं, ही दृष्ट काढायची पद्धत असेल.

विनोदने भट्टी पहाटेपासूनच पेटवली होती, आता आच वाढवली. बॉयलर तापला, दाबाचा काटा चढायला लागला. आणि तेवढ्यात लोखंडात वर्षानुवर्षं मुरलेलं तेल तापलं. आधी निळसर धूर निघाला, मग चर्रर्र असा बारीक आवाज, आणि मग वास. नुसता वास नाही. शंभर घरांत एकदम मासळी तळावी, आणि त्यातल्या निम्म्या घरांत ती करपावी, तसा.

सगळ्यांत आधी कावळे आले. मग ओट्यांवरची मांजरं कुंपणाच्या फटीतून एकेक करत आत आली आणि रुळाच्या कडेने शेपट्या गुंडाळून बसली, पंक्तीला बसावीत तशी. चाकरमान्यांची पोरं हसून लोळायला लागली. गुणवंती टोपली घेऊन फाटकात उभी होती, तिला एका मुंबईच्या बाईने विचारलं, "मावशी, काय तळताय? कसं दिलं?"

"ते माज्याकडचं नाय," गुणवंती म्हणाली. "ते आमच्या धन्यांकडं इचारा."

विनोद इंजिनावरून ओरडला, "काका, काय लावलंत हिला?"

"तारलीचं त्याल. दुसरं काय लावतात?"

विनोदने कपाळाला हात लावला, पण वाफ पुरेशी झाली होती. त्याने लवूला वर घेतलं आणि दांडा ओढायला दिला. बाय एकदा हिसकली, खोकली, आणि निघाली. निळ्या धुरात गुरफटलेली, वर कावळ्यांचं छत्र, मागे मांजरांची वरात. रूळ फार नव्हते, गोदामापासून आवाराच्या टोकाच्या दगडी गडग्यापर्यंत. पण गेली आणि परत आली, एकदाही अडली नाही. गडग्यापाशी लवूने शिट्टी दिली तेव्हा जेटीवरच्या ट्रॉलरांनी भोंगे वाजवून उत्तर दिलं. लवू खाली उतरला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. धुराने असतील.

पुण्याचे साहेब नाकाला रुमाल लावून लांब उभे होते. शर्टाचा रंग बदलला होता. इंजिन निवल्यावर त्यांनी जवळ येऊन नखाने थोडं खरवडलं, हुंगलं, आणि विनोदला विचारलं, "हे निघेल?"

"वरचं निघेल. सांध्यांत, खिळ्यांखाली गेलंय ते नाही. तापलं की येणारच."

साहेबांनी डोळे मिटले. बंद दालन, एसी, आणि त्यात हे, असं त्यांच्या डोळ्यांपुढे आलं असावं. नम्रताला बाजूला घेऊन ते म्हणाले, "काम उत्तम झालंय. मनापासून सांगतो. पण आमच्याकडे हे नाही जमणार. इथेच शोभतं ते."

नम्रता धावतच लवूकडे आली. "तांडेलकाका, नको म्हणाले. बाय राहिली."

वाडीत आनंद झाला. कुणी म्हणालं जागेच्या राखणदार देवाने ऐकलं, फक्त नजरेऐवजी नाक फिरवलं. सगळे हसत होते. लवू तेवढा हसेना. तो साहेबांच्या गाडीकडे बघत होता.

"नको म्हनाले?"

"हो."

"म्हंजे काय? खोट काय हाय तिच्यात?"

"काका, अहो वास..."

"कुटं वास?" लवूने छाती भरून श्वास घेतला. "माला तर काय येत नाय. गेली, आली, शिट्टी दिलीन. आनि हे कोन नको म्हननारे?"

ती संध्याकाळ तो असाच धुमसत होता. चार वर्षं जपलेल्या लेकीला कुणीतरी नापसंत करून गेलं, ह्याचा राग त्याला ती घरी राहिल्याच्या आनंदापेक्षा मोठा होता. गुणवंतीने रात्री पुन्हा बांगडे केले. ह्या वेळी दोन भाकऱ्या जास्त गेल्या, तिने मोजल्या नाहीत, पण टोपलं बघितलं.

मेळा संपला. समुद्र गढूळ झाला, होड्या वर आल्या. लवू झाप विणून तयार होता. नम्रताने ह्या वेळी यंत्राला लावायच्या तेलाचा मोठा डबा मागवून ठेवला होता. गंज धरत नाही, तापलं तरी त्रास नाही, असं विनोदने मुद्दाम सांगितलं होतं. तिने तो लवूच्या पुढ्यात ठेवला.

लवूने झाकण उघडलं. हुंगलं. पुन्हा हुंगलं.

"ह्याला वास नाय येत?"

"अजिबात नाही."

लवूने झाकण घट्ट लावलं आणि डबा लाल यष्टीच्या खाली सरकवून दिला. मग कुंपणाबाहेरून टोपली घेऊन जाणाऱ्या गुणवंतीला हाक मारली.

"येताना तारलीच्या त्यालाचा डबा घेऊन ये गो. मोठा आन. पुडल्या मे महिन्यात परत कोन बगायला आला तर?"