अनारशावरची खसखस

सिंगापूरला एकटीनं, कमी खर्चात कसं जावं, हे आता आमच्या कॉलनीतल्या बायका मला विचारतात. मी सांगते. हॉस्टेलात खाट घ्या आणि खालचीच मागा. वरच्या खाटेवर चढताना पन्नाशीतले गुडघे बोलतात. तिथल्या प्लगचे दांडे चौकोनी असतात, नाशिकचा चार्जर बसत नाही. नळाचं पाणी पिता येतं, बाटली विकत घेऊ नका. टॅक्सीचा विचार सोडा, मेट्रो विमानतळावरूनच मिळते. इथपर्यंत मी धडाधड सांगते. त्यापुढचा सल्ला मात्र मी थांबून, सावकाश सांगते.

मी फिरायला गेले नव्हते. मुलगी लग्नानंतर नवऱ्याबरोबर तिकडे नोकरीला गेलेली. तिच्या पोटातल्या गाठीचं ऑपरेशन ठरलं. गाठ साधी की वाईट, ते काढल्यावर कळणार होतं. फोनवर ती एवढंच म्हणाली, “आई, मला आत नेतील तेव्हा तू बाहेर हवीस.” त्यांच्या भाड्याच्या खोलीत घरमालक पाहुणा ठेवू देत नाही, म्हणून मी रुग्णालयाजवळ हॉस्टेल शोधलं. दोन तिकिटं परवडत नव्हती, सासूबाईंना एकटं ठेवता येत नव्हतं. हे घरी राहिले, मी निघाले. मी पोहोचणार त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन होतं.

मी एका शाळेच्या कार्यालयात हिशेब बघते. नियम शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची सवय आहे. च्युइंगम न्यायचं नाही, हे वाचलं. गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट न्यायच्या, हेही वाचलं. प्रवेशाचा अर्ज घरूनच ऑनलाइन भरला. त्यात अमली पदार्थांच्या शिक्षेची ओळ होती, थेट मृत्युदंडाची. ती आपल्यासाठी नाही असं समजून मी पुढे गेले.

विमानात जवळ ठेवायच्या बॅगेचं वजन बसत नव्हतं, म्हणून दोन साड्या बाहेर काढल्या. त्या जागी अनारशांचा डबा ठेवला.

अधिक महिना चालू होता, मुलीच्या लग्नानंतरचा पहिलाच. अधिकात जावयाला तेहतीस अनारसे द्यायची आमच्याकडे रीत आहे.

“पोरगी आजारी, आणि तिथं हे काय घेऊन जायचं?” मी सासूबाईंना म्हटलं.

“आजारी आहे म्हणूनच वाण चुकवू नकोस. आणि बाजारचे नेऊ नकोस हो. जावई म्हणेल, सासू हिशेबाला पक्की आणि हाताला आखडती.”

मग तांदूळ भिजवले, रोज पाणी बदललं, गुळात पीठ मुरवलं. एकेक गोळी खसखशीवर थापून तुपात सोडली. एकही अनारसा हसला नाही, म्हणजे तुपात विरून पसरला नाही. मी शकुन मानत नाही, तरी मला बरं वाटलं.

विमानात शेजारी मालेगावच्या एक बाई होत्या, माझ्याच वयाच्या. मुलाकडे तिसऱ्यांदा निघालेल्या. जेवणं झाल्यावर म्हणाल्या, “ताई, बॅगेत गोड काय हाय? लई वास सुटलाय.”

मी कौतुकानं डबा उघडला. त्यांनी अनारशाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“ये ऊपर का दाना, खसखस है क्या?”

“हो. त्याशिवाय अनारसा कसा होईल?”

“या अल्ला! ताई, तिथं खसखस बंद हाय. अफूच्या बोंडातली ना ती! माझा पोरगा दर वेळी फोनवर कसम घालतो, अम्मी, मसाल्यात खसखस नको.”

मी डब्याचं झाकण लावलं. मला अनोळखी असलेली प्रत्येक वस्तू मी त्या नियमांत शोधली होती. खसखस शोधायचं सुचलंच नाही. ती तर फडताळात, वेलचीच्या शेजारच्या बाटलीत असते.

“संडासात टाका,” त्या हळूच म्हणाल्या. मग माझा चेहरा बघून, “नाय तर वाटा सगळ्यांना. विमान भरलंय. चला, दोन मी खाते, सवाब मिळंल, पुण्य.”

“मग तुमच्या पोटात सापडेल.”

“माझ्या पोटात काय काय सापडंल, सायब दमंल बघून!”

त्या हसल्या, मला हसू आलं नाही. टाकून देण्याचा विचार मी केला, खोटं कशाला सांगू? पण दाणे साडीच्या घड्यांत, बॅगेच्या शिवणीत गेलेले असणार. डबा टाकून गप्प बसलेल्या बाईच्या बॅगेत एक दाणा मिळाला, तर तिचं कोण ऐकणार? मला परत पाठवलं, तर मुलगी एकटीच आत जाणार होती. उतरेपर्यंत माझ्या डोळ्यांपुढे तेवढंच होतं.

सामान घेतल्यावर दोन वाटा होत्या. काही सांगायचं नसलेल्यांची हिरवी, सांगायचं असलेल्यांची लाल. मालेगावच्या बाईंनी माझा हात दाबला. “खरं बोला ताई. पोरीकडं जायचंय म्हणा.” त्या हिरव्या वाटेनं गेल्या. लाल वाटेवर मी एकटीच होते.

काउंटरवर एक तरुण अधिकारी बाई होती. मी डबा उघडून खसखशीवर बोट ठेवलं आणि माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं, की हे काय आहे ते मला विमानात कळलं. तिनं डबा आत नेला आणि मला बसायला सांगितलं. दुसऱ्या एकानं बॅग रिकामी केली, साड्या झटकल्या. फोन वापरायचा नाही असं त्यानं खुणेनं सांगितलं. पर्समध्ये फोन थरथरत राहिला. मुलगीच असणार.

ती अधिकारी बाई परत आली. एवढे कशाला, एकट्या माणसाला, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, जावयासाठी. दर तिसऱ्या वर्षी आमच्याकडे एक महिना जास्तीचा येतो. हे तिला वेड्यासारखं वाटणार, असं मला वाटलं.  आमच्याही चिनी पंचांगात जास्तीचा महिना येतो, ती म्हणाली. त्यात लेकीनं आईवडिलांना जेवू घालायचं असतं. मग पुन्हा कोरड्या आवाजात तिनं सांगितलं, की हे मिळणार नाही, पुन्हा आणायचं नाही, आणि सही कुठे करायची.

पुसलेला रिकामा डबा मला परत मिळाला.

बाहेर जावई उभा होता, घामेजलेला. “आई, ती कधीची रडतेय. फोन का उचलत नव्हता?” मी सांगितलं. त्यानं डबा माझ्या हातातून घेतला आणि आपल्या पाठीवरच्या पिशवीत ठेवला.

रुग्णालयात मुलीला मी सगळं खरं सांगितलं. ती चिडली. “अनारशांपायी तुला परत पाठवलं असतं तर, आई?”  मी तिचे पाय चेपत बसले, भेटीची वेळ संपेपर्यंत. त्या रात्री हॉस्टेलात वरचीच खाट मिळाली.

सकाळी तिला ढकलगाडीवरून नेलं, तेव्हा मी दारापर्यंत बरोबर चालत होते. दार बंद होताना तिनं मान वळवून पाहिलं. मी तिथंच उभी होते.