चिन्मयीची झोप

यशोधराला चिन्मयीच्या गाडीचा हेवा नव्हता, मोठ्या घराचाही नव्हता. हेवा होता तो तिच्या झोपेचा. झोपेचा कुणी हेवा करतं का? यशोधरा करायची, आणि अगदी जळून करायची.

दोघी जबलपुरात डॉक्टरकीच्या एकाच वर्गात. सगळ्या हिंदी वर्गात मराठी बोलणाऱ्या या दोघीच, म्हणून बाकही एकच. चिन्मयी नापास झाली तेव्हा वर्ग म्हणाला, ‘पेपर ही टेढ़ा था.’ यशोधरा पहिली आली तेव्हा म्हणाला, ‘कोटेवाली है, नंबर भी दे दिए होंगे.’ तिचं मेश्राम आडनाव आणि त्यावरून जात कळल्यापासून हे असंच. मग आपण चुकायचंच नाही, असं तिने ठरवलं. पण पुस्तक मिटलं तरी ते वाक्य कानात वाजायचं, छाती धडधडायची. तोंडी परीक्षेत पाठ असलेलं उत्तर घशात अडकू लागलं. असंच चाललं तर कॉलेज सुटणार, हे तिला दिसत होतं. घरी सांगणार कसं? खमरियाच्या कारखान्याच्या क्वार्टरमध्ये तिच्या खिडकीतला दिवा तिची आई लीलाबाई शेजारणींना कौतुकाने दाखवायची, "आमची पोरगी रातभर अभ्यास करून राहते."

त्या रविवारी चिन्मयी जेवायला आली. पुन्हा नापास झाली होती. तरी वरणभातावर ताव मारला, "काकू, मस्त झालं होतं," म्हणाली आणि यशोधराच्या खाटेवर आडवी होऊन घोरायला लागली. लीलाबाईंनी तिच्या अंगावर गोधडी घातली.

यशोधराच्या अंगाचा तिळपापड झाला. खाट माझी, गोधडी माझी, आणि झोप मात्र हिची.

"झोपू दे बिचारीले, थकली असंन," आई म्हणाली.

"आणि मी?" यशोधराचा आवाज फाटला. "किती महिने झाले, आई, मी धड झोपली नाही. तो दिवा अभ्यासाचा नाही. डोळे मिटले का सगळे कोटेवाली म्हणतात. मले भेव लागून राहते."

लीलाबाई त्या खिडकीकडे बघत राहिल्या. "काहून नाही सांगितलं गं?" एवढंच म्हणाल्या. मग, आल्या पाहुण्याला कधी वाकडा शब्द न बोललेली ती बाई खाटेपाशी गेली आणि तिने चिन्मयीला हलवलं.

"ऊठ बेटा. ही जागा तिची आहे. उद्या मी तिले डॉक्टरकडे नेते, आज तिले पडू दे."

चिन्मयी डोळे चोळत उठली. यशोधरा आडवी झाली. झोप काही लगेच आली नाही. पण आज ‘ऊठ’ तिला नाही, चिन्मयीला म्हटलं गेलं होतं, आणि ते ऐकून तिच्या जिवाला गार वाटलं.