कडुलिंबाची पालवी

आईला आता धूसरच दिसतं, तरी ती खिडकीशी बसून जुन्या साडीच्या तुकड्यावर समोरचा कडुलिंब भरते आहे, टाके बोटांनी चाचपत. सुईत दोरा मी ओवून देते, रंगही मीच निवडते.

"पालवी फुटली का गं?" तिनं विचारलं.

"फुटलीय," म्हणत मी तांबूस दोरा ओवला. आम्ही दवाखान्यात गेलो होतो त्या दिवशीच ते झाड तोडलं. तिला सांगायचं धाडस होत नाही. बाहेर नुसता बुंधा उरलाय आणि कापडावर रोज पानं वाढतायत. आठवणीही आपण अशाच भरत असू, न बघता.

आईनं पान पुरं केलं, दोरा दातानं तोडला.

"पालवी फुटलीय ना? मग माझ्या हातांवर एवढं ऊन कसं गं?"