गाडी गारच आणा!

गॅरेजात दोन गोष्टी न मागता साठतात. काळं ऑइल आणि किस्से! ऑइल निदान कुणीतरी गंजक्या बिजागरीला लावायला मागून नेतं. किस्से कोण नेणार? म्हणून मीच लिहायला बसलो. चौथीत शाळा सोडली. ज्याला चुका काढायच्या असतील त्यानं आधी स्वतःच्या गाडीचं बॉनेट उघडून बघावं, मग बोलावं.

आमचं गॅरेज पाथर्डीला. इंजिन मी बघतो, वायरिंग सलीमभाई. ऐन जवानीपासून दोघं एका छपराखाली भांडतोय. कुठलीही गाडी येऊ द्या, मी म्हणणार हवेचा लोचा, तो म्हणणार करंटचा.

सगळ्यांत हरामखोर आजार म्हणजे गार असताना बंद पडणारी गाडी. सकाळी चालू करा, रेस सोडा, मेली! चार पावलं चालून गरम झाली की एकदम शहाणी. आता गिऱ्हाईक ती चालवतच आमच्याकडं आणणार, म्हणजे दारात येईस्तोवर ती शहाणी झालेलीच! दवाखान्याच्या पायरीवर ताप उतरणारा पेशंट बघितलाय का? तसं.

म्हणून आम्ही पाटी लावली, 'गाडी गारच आणा.'

पहिल्याच दिवशी एक शहाणा विचारतो, "अण्णा, एसी लावून आनली तर चालंल का?"

*

मिरजगावचे एक भाऊसाहेब सासुरवाडीला मुक्कामी आले होते. मला म्हणाले, "गाडी एक नंबर हाय, अण्णा. हिलाच चालवता येत न्हाई. हिच्या हातात रोज सकाळी बंद पडती, माझ्या हातात कधी पडली न्हाई!"

दुसऱ्या सकाळी त्यांच्या सासऱ्याच्या दारात गेलो. गाडी गार. भाऊसाहेब बसले, चालू केली आणि घुंय घुंय रेस देत राहिले.

"बघा! पडली का बंद?"

"भाऊसाहेब, रेसवरचा पाय काढा."

"कशाला?"

"काढा की!"

काढला. भुस्स! गाडी गप्प. परत चालू केली, परत पाय काढला, परत भुस्स. हवा आत जाते तिथं काजळी धरली होती, दुसरं काही नाही. पण भाऊसाहेबांचा चेहरा त्या काजळीपेक्षा काळा!

वहिनी ओट्यावर गहू निवडत होत्या. सूप बाजूला ठेवून म्हणाल्या, "अण्णा, अजून एकदा काढायला लावा. थांबा, माझ्या भावजयांना बोलावते!"

*

आता मंगलची व्हॅन.

मंगल म्हणजे घाटाखालच्या वस्तीवरची. वस्तीवरच्या बारावीच्या पोरी रोज सकाळी पाथर्डीला आणते, त्यावर घर चालतं. थंडी पडली आणि व्हॅनला हाच आजार लागला. पोरगी घ्यायला थांबली की बंद. मग आतल्या पोरींनी उतरायचं, ढकलायचं, धावत चढायचं. पोरींना इतकी सवय झाली की कुणी सांगायचं कामच नाही.

पण परीक्षा तोंडावर आली. एका पोरीचा बाप, गोरखतात्या, बोलायला तिखट. त्यानं मंगलला चारचौघांत सुनावलं, "पेपरच्या दिवशी ही डबडी बंद पडली ना, तर माझी पोरगी मी मोटरसायकलवर नेईन. बाकीच्यांनाबी सांगंन, दुसरी गाडी बघा!"

मंगल माझ्याकडं आली. व्हॅन दारात उभी, इंजिन कसं लोण्यासारखं.

"अण्णा, तुमच्या धाकानं चालती बगा. घरी मला रडवती."

"पाटी वाचली का? गार आण."

"चालवून आनली तर गार कशी र्‍हाईल?"

"चालवू नकोस. ओढून आण."

*

दुसऱ्या सकाळी मंगल खरंच आली. पुढं दिराचा ट्रॅक्टर, मधे दोर, मागं व्हॅन. सगळा रस्ता बघतोय. मी खूश! म्हटलं, हिला अक्कल आहे.

जवळ गेलो तर व्हॅन थरथरतेय. चालू!

"अगं, ही चालू कशी?"

"अण्णा, तिकडं चढाला दोर तुटंल म्हनून मी चावी फिरवून गेर टाकला. झाली की चालू! लई झ्याक पळली. ट्रॅक्टरला जडबी झाली न्हाई!"

*

सलीमभाई म्हणाला, "अण्णा, तुम्ही हवा खा. हे करंटचं काम हाय." त्यानं प्लग बदलले, वायरी बदलल्या, मला बघून मिशीवर हात फिरवला. सकाळी मंगलचा फोन. बंद!

मग मीच पहाटे वस्तीवर गेलो. या व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. सीट उचलली, हात घातला, तर इंजिन कोमट! खाली वाकून बघतो तर निखाऱ्यांनी भरलेलं घमेलं.

मंगलची सासू कौतुकानं म्हणाली, "तुमी येनार म्हनून मीच ठिवलं. एवढ्या थंडीत गार लोखंडाला कसा हात लावनार तुमी?"

मी म्हणालो, "म्हातारे, उद्या निखारा दिसला तर त्यावर तुलाच बसवीन!"

तिनं मला चहा दिला. वर म्हणाली, "बसवा की. मलाबी थंडी वाजती."

*

उद्या म्हणजे पहिला पेपर. पहाटे सलीमभाईलाही उठवून वस्तीवर नेला. इंजिन गार, दगड! त्याला म्हणालो, "मुकाट्यानं बॅटरीचा उजेड धर."

चालू केली. धडधड, धडधड, आणि मधे कुठंतरी बारीक शूऽऽ. तांब्यातलं पाणी एकेका रबरी पाइपावर सोडत गेलो. एका पाइपावर पाणी पडलं आणि इंजिनाचा आवाज बदलला. सापडली! पाइपाच्या खालच्या अंगाला चीर. गारठ्यात रबर आखडतं, चीर उघडते, नको ती हवा आत शिरते. गरम झालं की रबर मऊ, चीर बंद, गाडी शहाणी. सायकलची ट्यूब कापली, ताणून गुंडाळली, तारेनं आवळली. पाय काढला. मांजर झोपल्यासारखी चालू!

सलीमभाई म्हणाला, "मी म्हनत हुतो ना, वायरिंग न्हाई."

"कधी म्हणालास?"

"हे काय, आत्ता!"

*

मी म्हटलं, रस्त्यात दगा नको, मीही येतो. मंगलशेजारी बसलो. पोरी घेत घेत शेवटचं घर आलं, गोरखतात्याचं. तात्या पोरीला घेऊन उभाच होता, तोंड वाकडं करून. मंगलनं गाडी न्यूट्रल केली, पाय काढला. मी सीटला कान लावला. बारीक, गोड आवाज. वा!

बाहेर तात्याचा आवाज आला, "पडली ना बंद? मी म्हनलंच हुतं!"

दार उघडल्याचं ऐकू आलं. मंगलला वाटलं, पोरगी चढली. तिनं गेर टाकला, क्लच सोडला. व्हॅन अशी सुटली की मी मागं आपटलो.

वळणावर मंगल म्हणाली, "अण्णा, आज पोरी लई गप हायेत. पेपरचं टेन्शन."

मी मागं बघितलं. सीटवर नुसती दप्तरं!

काचेतून लांब धुरळा दिसला. धुरळ्यात सगळ्या पोरी पळत होत्या. आणि सगळ्यांच्या पुढं, एका हातात धोतराचा सोगा धरून, गोरखतात्या ओरडत होता, "अगं मंगल, थांब! चालू हाय! तुझी गाडी चालू हाय!"