तलावावरची हिरवी साय
साचलेल्या पाण्यावरच्या हिरव्या सायीचा कुबट वास आला की मला धुळ्याजवळचा तो पाझर तलाव आठवतो. नव्वदच्या आसपासची गोष्ट, मी तेव्हा कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होते. ऐन उन्हाळ्यात एका सकाळी तलावातले सगळे मासे पांढरी पोटं वर करून तरंगायला लागले, म्हणून गावाने मला बोलावलं. मी पोहोचले तेव्हा काठावर मासेमारीच्या गेल्या वर्षीच्या ठेकेदाराला माणसं तुडवत होती. आदल्या संध्याकाळी तो तिथे पाय धुताना दिसला होता, एवढाच त्याचा गुन्हा. "यानीच जहर टाकं! मारा याले!" यंदाचा नवा ठेकेदार ओरडत होता आणि लाथा बरगडीखाली बसत होत्या. "मी काहीच टाकं नही, भाऊ," तो चिखलात तोंड खुपसून सांगत होता. मी तिथेच एक मेलेला कटला मासा चिरला. त्याचं यकृत बोटांत धरताच रक्ताच्या गाळासारखं ओघळलं. तो लाल हात वर करून मी किंचाळले, "हे या हिरव्या शेवाळाचं विष आहे! यकृताच्या पेशीन् पेशी फोडतं ते! ते एवढं माजायला तलावात शेण आणि युरिया कोणी ओतला?" मासे लवकर वाढावेत म्हणून नव्या ठेकेदारानेच पोतीच्या पोती रिकामी केली होती. "बाई, खत शे ते, जहर नही!" तो म्हणाला, आणि लाथा थांबल्या. जुन्याला जीपमध्ये घालून सिव्हिलला नेलं. दुपारी तो गेला. डॉक्टर म्हणाले, यकृत फाटलं होतं. आज वाटतं, शेवाळाला निदान ठाऊक नव्हतं, आपण काय फोडतोय.